१०४५ ही चांगली बातमी आहे

वर्डप्रेसची साइट स्वतःच्याच लॅपटॉपवर, झॅम्पसारख्या तयार सर्व्हर-संचातून, उभी करायला घेतली की अनेकांचे काम पहिल्याच पानावर अडते. पांढऱ्या पडद्यावर डेटाबेसशी संपर्क होत नसल्याचे एक वाक्य उमटते आणि सल्ला तयारच असतो: झॅम्प काढून टाका, पुन्हा इन्स्टॉल करा. पुण्याच्या धायरी, नऱ्हे, वडगाव बुद्रुक या पट्ट्यात अभियांत्रिकीची मुले मोठ्या संख्येने राहतात. तिथे असा सल्ला एका खोलीतून दुसरीत जायला वेळ लागत नाही. पण तो अवैज्ञानिक आहे, कारण त्यात पुरावा वाचण्याआधीच पुसला जातो.

पुरावा असतो तो चुकीच्या क्रमांकात. वर्डप्रेस तो सहसा दाखवत नाही. कॉन्फिग फाइलमधला डीबगचा पर्याय चालू केला की दिसतो. त्याचा अर्थ उपमेने सांगायचा तर, धायरीतल्या एखाद्या सोसायटीत पाहुणा म्हणून गेल्यावर तीन प्रकारे परत फिरावे लागते. गेटवर कोणीच नसते, ही २००२ ची चूक. वॉचमन असतो, पण वहीतली नोंद जुळत नाही म्हणून आत सोडत नाही, ही १०४५. आत सोडतो, पण त्या नंबरचा फ्लॅटच नसतो, ही १०४९. म्हणून १०४५ दिसल्यावर हायसे वाटायला हवे: सर्व्हर चालू आहे, पोर्टवर कोणीतरी ऐकते आहे, गडबड बहुधा नाव किंवा पासवर्डात आहे. पासवर्ड पाठवला होता की नाही, हेसुद्धा त्याच ओळीच्या शेवटी कंसात लिहिलेले असते! झॅम्पमध्ये रूट या मुख्य यूजरचा पासवर्ड मुळात रिकामा असतो, मॅम्प या तशाच संचात तो ‘रूट’ असतो. एकाची माहिती दुसऱ्यात उतरवली की १०४५ ठरलेलीच.

यावर एक रास्त आक्षेप आहे. पासवर्ड अचूक असूनही १०४५ येते, त्याचे काय? येते खरी. सर्व्हर भेटला एवढेच या क्रमांकाने सिद्ध होते. तो आपलाच आहे, हे नाही. कॉलेजच्या डीबीएमएस प्रॅक्टिकलसाठी मायएसक्यूएल आधीच बसवलेले असेल, तर ३३०६ हा पोर्ट त्याने धरलेला असतो. मग झॅम्पचा डेटाबेस ३३०७ वर हलवला जातो आणि वर्डप्रेस जुन्याच दारावर नवा पासवर्ड सांगत राहते. ३३०६ वर कोणती प्रोसेस बसली आहे, ते विंडोजमध्ये नेटस्टॅट ही कमांड सांगते. लिनक्स आणि मॅकवर तर ‘लोकलहोस्ट’ लिहिले की पीएचपी नेटवर्कच्या वाटेला जातच नाही, ते एका सॉकेट फाइलमधून बोलते, १२७.०.०.१ लिहिले तरच पोर्टमधून जाते. ही सॉकेटची कल्पना बर्कली विद्यापीठाच्या १९८३ सालच्या ४.२ बीएसडी युनिक्समधून जगभर पसरली. एकाच यंत्रावरचे दोन प्रोग्राम आणि हजारो मैलांवरची दोन यंत्रे यांना संवादाची एकच रीत देणारी ही रचना मला आजही थक्क करते. २००२ सोबत ‘अशी फाइल नाही’ असे आले, तर हरवलेली असते ती ही सॉकेट फाइल. लोक मात्र वेबसाइटच्या फाइल्स चाळत बसतात.

क्रमांक लपवणे सुरक्षेसाठी असते, हे मान्य. सार्वजनिक साइटवर डेटाबेसच्या यूजरचे नाव उघडे पडू नये. स्वतःच्या लॅपटॉपवर हे कारण उरत नाही. पुन्हा इन्स्टॉल केल्याने काम होते, हेही कधीकधी खरे असते, कारण पासवर्ड आणि पोर्ट मूळ पदावर येतात. पण झॅम्पचे सगळे डेटाबेस त्याच्याच मायएसक्यूएलच्या डेटा फोल्डरमध्ये राहतात. ते फोल्डर गेले की महिन्याभराचा प्रोजेक्टही गेला. सर्व्हर सुरूच होत नसेल, तेव्हा ‘आयबीडेटा१’ ही फाइल उडवण्याचा उपायही सर्रास सुचवला जातो आणि तो त्याहून घातक आहे. टेबलांची नोंद इनोडीबी हे डेटाबेसचे साठवण-इंजिन तिथे ठेवते, त्यामुळे टेबलांच्या फाइल्स जागेवर असूनही ती उघडत नाहीत. सर्व्हर का बंद पडला, ते त्याच फोल्डरमधल्या एरर लॉगच्या शेवटच्या ओळींत बहुधा लिहिलेले असते. त्या आधी वाचाव्यात, सर्व्हर बंद ठेवून पूर्ण डेटा फोल्डरची प्रत काढावी आणि मगच कशाला हात लावायचा ते ठरवावे.