मेर्सेदेस

मेर्सेदेस : एक स्पॅनिश स्त्रीनाम. स्पेनच्या बहुतेक भागांत याचा उच्चार ‘मेर्थेदेस’ असा, तर लॅटिन अमेरिकेत ‘मेर्सेदेस’ असा करतात. कृपा वा अनुग्रह ह्या अर्थाच्या ‘मेर्सेद’ शब्दाचे हे अनेकवचन असून ‘मारीआ दे लास मेर्सेदेस’ (कृपादायिनी मेरी) ह्या नावाचा तो संक्षेप होय. कुमारी मेरीच्या बिरुदांवरून मुलींची नावे ठेवण्याची प्रथा स्पॅनिश कॅथलिक समाजात रूढ आहे. दोलोरेस (दुःखे), पिलार (स्तंभ), सोलेदाद (एकाकीपणा) ही नावे याच प्रकारची आहेत.

‘मेर्सेद’ हा शब्द लॅटिन ‘मेर्केस’पासून आला. त्याचा मूळ अर्थ वेतन, मोबदला वा किंमत असा होता. ख्रिस्ती लेखनात त्याला ईश्वराकडून मिळणारे फळ आणि पुढे दया असा अर्थ प्राप्त झाला. इंग्रजी ‘मर्सी’ व फ्रेंच आभारदर्शक ‘मेर्सी’ हे याच शब्दापासून झाले. स्पॅनिशमधील ‘उस्तेद’ (आपण) हे आदरार्थी सर्वनामही ‘वुएस्त्रा मेर्सेद’ (आपली कृपा) ह्या संबोधनाचे संक्षिप्त रूप आहे.

किंमत व दया हे दोन्ही अर्थ ह्या नावाच्या इतिहासात एकत्र आलेले दिसतात. भूमध्य समुद्रावरील चाचेगिरीत व युद्धांत मुसलमानांच्या हाती सापडलेल्या ख्रिस्ती कैद्यांना खंडणी भरून सोडविण्यासाठी पेद्रो नोलास्को याने १२१८ मध्ये बार्सेलोना येथे एक धर्मसंघ स्थापिला. मेरीने दर्शन देऊन त्यास ही आज्ञा केली, अशी आख्यायिका आहे. पोप नववा ग्रेगरी याने १२३५ मध्ये संघास मान्यता दिली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ह्या नेहमीच्या तीन व्रतांखेरीज, प्रसंगी कैद्याच्या जागी स्वतः ओलीस राहण्याचे चौथे व्रत संघाचे सदस्य घेत. संघाच्या ह्या अधिष्ठात्रीचा सण २४ सप्टेंबर रोजी असतो. बार्सेलोनाची, तसेच स्पेनमधील तुरुंगांची ती आश्रयदात्री मानली जाते. गोव्यात पणजीजवळील मेरशी ह्या गावाचे पोर्तुगीज नाव ‘मेर्सेस’ हे याच शब्दाचे रूप होय.

‘मेर्चे’, ‘मेचे’ व ‘मेर्सेदितास’ ही ह्या नावाची लाडकी रूपे आहेत. स्पेनचा राजा बारावा आल्फोन्सो याची १८७८ मध्ये विवाहानंतर काही महिन्यांतच निधन पावलेली राणी व आर्जेंटिनाची गायिका मेर्सेदेस सोसा (१९३५–२००९) ह्या नामधारिणी प्रसिद्ध आहेत. ऑस्ट्रियन व्यापारी एमील येलिनेक याने आपल्या मुलीचे हे लाडके नाव डाइम्लर कंपनीच्या मोटारींना दिले व ते १९०२ मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले. डाइम्लर व बेंझ ह्या कंपन्यांच्या १९२६ मधील विलीनीकरणानंतर ‘मर्सिडीज-बेंझ’ ह्या जोडनावाने ते जगभर पोहोचले.