नकाशावर न आलेली रेषा

७ सप्टेंबर १९९३ रोजी बीजिंगमध्ये भारत आणि चीन यांच्यात एक करार झाला. पंतप्रधान नरसिंह राव तेव्हा चीनच्या दौऱ्यावर होते. प्रत्यक्ष ताबारेषेवर शांतता राखायची, ती ओलांडायची नाही, चुकून ओलांडली तर समोरच्याने सांगताच मागे फिरायचे, असे त्यात ठरले. ही रेषा नेमकी कुठून जाते, एवढेच ठरले नाही. करारासोबत नकाशा नव्हता. पुढच्या तीस वर्षांत लडाखमध्ये जे घडले, त्याचे मोठे कारण मला या उणिवेतच सापडते.

घोळ अर्थातच जुना होता. पूर्वेला १९१४ च्या सिमला परिषदेतून आलेली मॅकमहोन रेषा चीनने कधी मानली नाही. लडाखच्या बाजूला तर इंग्रजांनीच वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या रेषा आखल्या होत्या. १९५४ मध्ये नेहरूंच्या आदेशाने भारताने आपल्या नकाशांवर अक्साई चीनभोवती ठाम सीमा दाखवली. त्याच वर्षी पंचशील करारही झाला. पण १९५७ पर्यंत चीनने सिंक्यांग आणि तिबेट यांना जोडणारा रस्ता त्याच अक्साई चीनमधून पूर्ण केला होता. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि संशय उघड वैरात बदलला. ऑगस्टमध्ये लोंगजूला गोळीबार झाला. २१ ऑक्टोबरला कोंगका खिंडीजवळ गस्तीवरचे दहा भारतीय पोलीस मारले गेले. देशभरातली पोलीस दले दरवर्षी २१ ऑक्टोबरला स्मृतिदिन पाळतात तो याच घटनेमुळे.

एप्रिल १९६० मध्ये चाऊ एन-लाय दिल्लीत आले. पूर्वेकडे चीन दावा सैल करील, पश्चिमेकडे भारताने अक्साई चीनचा आग्रह सोडावा, असा त्यांचा सूर होता. रस्ता गुपचूप बांधून झाल्यावर आलेली ही तडजोड संसदेत आणि जनतेत कोणाला पटणार होती? बोलणी फिसकटली. मग भारताने पुढे पुढे चौक्या उभारल्या. पण त्यांच्यामागे रस्ते नव्हते, दारूगोळा नव्हता, पुरेसे उबदार कपडेही नव्हते. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. तवांग गेले, से ला आणि बोमडिला पडले. रेझांग ला येथे मेजर शैतान सिंग आणि त्यांची कुमाऊँ रेजिमेंटची तुकडी अखेरपर्यंत लढली. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली.

त्याच सुमारास यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, ही आठवण महाराष्ट्राने जिवापाड जपली आहे आणि ती जपावीच. मला मात्र त्या जाण्याइतकेच नंतरचे काम मोलाचे वाटते. १९६४ पासूनची पंचवार्षिक संरक्षण योजना, सव्वाआठ लाखांच्या सैन्याचे उद्दिष्ट, डोंगरी लढाईसाठी दहा खास डिव्हिजन हे सारे त्या काळात आकाराला आले. सप्टेंबर १९६७ मध्ये नथू ला येथे चिनी सैन्याला तोडीस तोड उत्तर मिळाले, तेव्हा मैदानात उतरलेले सैन्य ६२ चे राहिले नव्हते.

१९८६-८७ मध्ये अरुणाचलातल्या सुमदोरोंग चू खोऱ्यात सैन्ये पुन्हा समोरासमोर आली. त्यातूनच संवादाची निकड पटली असावी. डिसेंबर १९८८ मध्ये राजीव गांधी बीजिंगला गेले. चौतीस वर्षांत भारतीय पंतप्रधान तिथे गेला नव्हता. सीमेचा प्रश्न बोलणीतून सोडवू, तोवर बाकीचे संबंध अडवून धरायचे नाहीत, ही वाट तिथे खुली झाली. पुढे १९९३ चा करार आला आणि १९९६ मध्ये त्याला जोड मिळाली: ताबारेषेच्या दोन किलोमीटरच्या आत गोळी झाडायची नाही.

आणि इथेच खरी संधी हुकली. दोन्ही करारांत रेषेविषयीचे मतभेद दूर करण्याची तरतूद होती. २००० मध्ये हिमाचल आणि उत्तराखंडच्या भागाचे, म्हणजे मधल्या विभागाचे नकाशे दोघांनी एकमेकांना दिले. २००२ मध्ये लडाखची पाळी आली आणि चीनने नकाशांची अदलाबदल पुढे जाऊ दिली नाही. २००३ मध्ये विशेष प्रतिनिधी नेमले गेले, २००५ मध्ये राजकीय तोडग्याची तत्त्वे ठरली. मोठा तोडगाच निघणार आहे तर रेषेचा कीस कशाला काढायचा, अशा समजुतीने नकाशांचे काम मागे पडले. दिल्लीने तेव्हा हट्ट धरायला हवा होता. रेषा धूसर असली की ज्याच्याकडे रस्ते चांगले त्याचे फावते. आणि तिबेटच्या पठारावर चीनचे रस्ते केव्हाच पोहोचले होते.

मग भारतानेही बांधणी सुरू केली. दौलत बेग ओल्डीपर्यंतचा २५५ किलोमीटरचा रस्ता २०१९ मध्ये पुरा झाला. दोन्हीकडच्या गस्ती वाढल्या, गाठीही वाढल्या: २०१३ मध्ये देपसांग, २०१४ मध्ये शी जिनपिंग अहमदाबादेत पाहुणे असताना चुमार, २०१७ मध्ये भूतानच्या भूमीवर डोकलामचे ७३ दिवस. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये कर्नल संतोष बाबूंसह वीस भारतीय जवानांना वीरमरण आले. गोळी झाडायची नाही हे बंधन तिथे पाळले गेले, आणि माणसे दगडांनी, खिळे ठोकलेल्या दांड्यांनी, गोठवणाऱ्या पाण्यात मेली. आपले चार सैनिक गेल्याचे चीनने पुढच्या फेब्रुवारीत मान्य केले. १९७५ नंतर या सीमेवर चकमकीत गेलेले हे पहिलेच जीव. आणि त्या तणावातही २०२१ मध्ये दोन देशांतला व्यापार सव्वाशे अब्ज डॉलरपर्यंत गेला! राजीव गांधींच्या काळात आखलेल्या वाटेचे दोन भाग इतके वेगळे झाले होते.

पुढची चार वर्षे एकेका ठिकाणाहून माघार घेण्यात गेली. पँगाँग, गोग्रा, हॉट स्प्रिंग्ज इथे मध्ये मोकळे पट्टे सोडले गेले. त्यांची किंमत चुशूलकडच्या चांगपा मेंढपाळांनी मोजली. पश्मिना देणाऱ्या शेळ्यांची हिवाळी कुरणे त्यांच्यापासून तुटली. देपसांग आणि देमचोकमधल्या गस्तीचा समझोता २१ ऑक्टोबर २०२४ ला जाहीर झाला, कोंगकाच्या पासष्टाव्या स्मृतिदिनीच. पण समोरासमोरून बाजूला झालेले सैन्य अजून पुरते मागे गेलेले नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये विशेष प्रतिनिधींच्या बैठकीत सीमेच्या सोप्या भागांची निश्चिती आधी करता येईल का, हे पाहण्यासाठी तज्ज्ञगट नेमायचे ठरले. सोप्यापासून सुरुवात व्हायला हरकत नाही. पण २००० मध्येही सुरुवात सोप्यापासूनच झाली होती आणि काम तिथेच थांबले होते. या वेळी भारताने लडाखच्या नकाशांचा विषय पहिल्या बैठकीपासून लावून धरला पाहिजे, आणि चांगपांची कुरणे त्याच टेबलावर आली पाहिजेत.