खारवट काळ्या जमिनीतील मुळांचे वर्तन

वर्धा आणि तापी या दोन्ही नद्यांचा उगम मुलताईच्या परिसरातला. पैकी वर्धा दक्षिणेकडे वळून वर्धा जिल्ह्याची पश्चिम सीमा आखीत गोदावरीच्या खोऱ्यात जाते. तापी पश्चिमवाहिनी होऊन पुढे पूर्णेला सामावून घेते. उगम शेजारचे असले, तरी मातीचे दैव निराळे. वर्ध्याची काळी जमीन सामान्यतः क्षारबाधेपासून मुक्त राहिली आहे. पूर्णेच्या दोन्ही काठांवर मात्र अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. कापूस आणि तूर ही पिके दोन्हीकडे होतात. तेव्हा एकाच पिकाचे मूळ दोन जमिनींत कसे वागते, हा प्रश्न साहजिकच उद्भवतो.

खारवट जमिनीत मुळापुढे पहिली अडचण येते ती पाण्याची. मातीतील द्रावण संहत असल्यामुळे तर्षणाने पाणी आत येणे कठीण होते, म्हणजे ओल असूनही मूळ तहानलेले राहते. यावर उपाय म्हणून मुळाच्या कोशिका आपल्या रसात प्रोलीन, शर्करा इत्यादी द्रव्ये साठवून त्याची संहती वाढवितात. दुसरी अडचण सोडियमची. सोडियम व पोटॅशियम यांचे आयन गुणधर्मांनी इतके जवळचे, की पोटॅशियमसाठी असलेल्या वाटांनी सोडियमही आत शिरतो. येथे अंतस्त्वचेचे महत्त्व कळते. तिच्या कोशिकाभित्तींतील कास्परी पट्टा, ज्याचे वर्णन रॉबर्ट कास्परी याने 1865 मध्ये केले, कोशिकांच्या मधून सरकणाऱ्या क्षारांची वाट अडवितो. खारवट जमिनीत वाढलेल्या कित्येक वनस्पतींत हा पट्टा मुळाच्या टोकाच्या अधिक जवळ तयार होतो व सुबेरिनचा थरही जाड होतो.

तरीही जो सोडियम कोशिकेत शिरलाच, त्याची वासलात दोन प्रकारे लावली जाते. एक तर तो कोशिकेबाहेर परत ढकलला जातो, नाही तर रिक्तिकेत कोंडला जातो. बाहेर ढकलणाऱ्या प्रथिनाला चालना मिळते ती कॅल्शियमच्या संकेताने. हा मार्ग 2000 सालाच्या सुमारास ॲराबिडॉप्सिस या लहानशा वनस्पतीत उलगडला. प्रकाष्ठातून वर चढू लागलेला सोडियम वाटेतच काढून घेणारी प्रथिनेही आहेत. मुळे दिशाही बदलतात: 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ती अधिक क्षाराच्या बाजूपासून दूर वळताना आढळली.

या सर्व व्यवहाराला ऊर्जा लागते, ऊर्जेला श्वसन व श्वसनाला प्राणवायू. काळ्या जमिनीची खरी गोम येथेच आहे. तिच्यातील स्मेक्टाइट चिकणमातीवर सोडियम बसला, की कण विखुरतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही आणि हवाही खेळत नाही. म्हणजे सोडियम मुळाला बाहेरून घेरतो, आणि त्याला परतविण्याचे बळही हिरावून घेतो. कापूस हे क्षारसहिष्णु पीक मानले जाते. 1977 च्या मास व हॉफमन यांच्या कोष्टकात त्याची मर्यादा संपृक्त अर्काच्या विद्युतवाहकतेत 7.7 डेसिसीमेन प्रति मीटर अशी दिली आहे. परंतु हा आकडा चांगल्या निचऱ्याच्या जमिनीचा. तो पूर्णेकाठी जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल. अमेरिकेतील 1954 च्या वर्गीकरणात विनिमयक्षम सोडियमची सीमा शेकडा 15 होती. पूर्णा खोऱ्यातील काळ्या जमिनींच्या अभ्यासांत मात्र शेकडा 5 च्या आसपासच निचरा बिघडू लागल्याचे दिसले. तेथे जिप्समचा उपयोग होतो तो याचमुळे: त्यातील कॅल्शियम चिकणमातीवरील सोडियमची जागा घेतो, आणि मुळाच्या आवरणाची निवडशक्तीही टिकवितो.

वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न कालव्यांच्या निमित्ताने उभा राहतो. बोर व निम्न वर्धा या प्रकल्पांचे पाणी गोडे आहे, हे खरे. पण निचरा नसलेल्या भारी जमिनीत गोडे पाणीही भूजल वर आणते व त्याबरोबर खोलवरचे क्षार मुळांपाशी येतात. दख्खनच्या कालव्यांवरील चोपण जमिनींचा इतिहास हाच. शिवाय पृष्ठभाग पाहून निदान करणे फसवे असते. पांढरा फेस दिसतो तो विद्राव्य क्षारांचा. सोडियमने बिघडलेली जमीन विरघळलेल्या ह्यूमसामुळे उलट अधिक काळी दिसू शकते, आणि पूर्णा खोऱ्यात तर हा सोडियम खोलीबरोबर वाढत जातो. म्हणून नमुना वरच्या वीतभर थराचा न घेता, तुरीचे सोटमूळ जेथवर पोचते तेथवर खड्डा खणून घ्यावा लागतो.