अथांगातील फरारी आसामी

१८६१ सालच्या नोव्हेंबरअखेरीस ‘अलेक्तों’ नावाच्या फ्रेंच युद्धनौकेला कॅनरी बेटांपैकी तेनेरीफजवळ पाण्यावर तरंगणारा विटकरी रंगाचा एक अजस्र प्राणी आढळला. खलाशांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या, भाले फेकले, अखेरीस दोराचा फासही टाकला; परंतु तो फास शेपटाकडील परांपाशी जाऊन अडकला आणि वर ओढू जाता दोरानेच ते मऊ मांस कापले जाऊन, शेपटाचा एक लचका तेवढा हाती राहिला व बाकीचे धूड समुद्रात गडप झाले. कप्तान बुये यांची कैफियत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आली, तेव्हा असा प्राणी निसर्गनियमांतच बसत नसल्याचा निवाडा काही विद्वानांनी देऊन टाकला. वास्तविक डेन्मार्कचे प्राणिशास्त्रज्ञ यापेटुस स्टीनस्ट्रुप यांनी किनाऱ्याला लागलेल्या अशाच एका प्राण्याच्या चोचीवरून ‘आर्किट्यूथिस’ या नावाने त्याची दफ्तरी नोंद १८५७ मध्येच केली होती. पण दफ्तर उघडून पाहण्याची तसदी निवाडा देणाऱ्यांनी कधी घेतली आहे?

पुढे १८७३ साली न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या जाळ्यात हाच प्राणी, म्हणजे महामाकूल, सापडला. मोझेस हार्वे नामक पाद्र्याने तो दहा डॉलरांना विकत घेतला, आणि त्याचे मस्तक, आठ बाहू व दोन लांबलचक शुंडा आपल्या न्हाणीच्या टबावरील दांडीवर पसरून त्यांचे छायाचित्र घेवविले. फरारी आसामीची ही पहिली तसबीर, परंतु तीही मृतावस्थेतली. आणि पुढील सव्वाशेहून अधिक वर्षे शास्त्रज्ञांच्या वाट्याला बहुतेक प्रेतेच यावयाची होती.

प्रेतांवरून जे कळले तेही थोडे नव्हे. शुंडांसह त्याची लांबी बारा-तेरा मीटरपर्यंत भरते. अठरा मीटरचे जुने दाखले बहुधा रबराप्रमाणे ताणल्या गेलेल्या शुंडांचे असावेत. हृदये तीन, रक्त निळसर, आणि मेंदू वलयाकृती असून अन्ननलिका त्या वलयातून जात असल्यामुळे घास बारीक करूनच गिळणे भाग. आपल्या कोळणीच्या टोपलीतला माकूल याचाच सगोत्र असला, तरी याच्या मांसात नवसागराचा द्राव मुरलेला असतो; त्यामुळे हे मांस पाण्याहून हलके असते आणि माणसाच्या जिभेला मुळीच रुचत नाही. स्पर्म देवमाशाला मात्र त्याचे वावडे नाही. त्याच्या पोटात माकुलांच्या न पचलेल्या चोची सापडतात, आणि त्याच्याच आतड्यात तयार होणाऱ्या ज्या अंबराच्या चोरट्या व्यापारापायी आपल्या कोकणात धाडी पडतात, त्या अंबरातही त्या रुतलेल्या आढळतात. महामाकुलाचा डोळा वीतभराहून मोठा, २७ सेंटीमीटरांपर्यंत व्यासाचा असतो. २०१२ साली संशोधक डान-एरिक निल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताने असे दाखविले, की चाल करून येणाऱ्या देवमाशाच्या धक्क्याने सूक्ष्म जीव चमकू लागतात आणि ती अंधुक प्रभा या डोळ्याला शंभर मीटरांपलीकडूनही दिसू शकते.

ज्याची दृष्टी अशी, त्याच्या शोधासाठी आपण प्रखर दिवे लावलेली, घरघरणारी याने खाली पाठवीत होतो! चोराने मशाल पाजळून यावे आणि घरधन्याने त्याची वाट पाहत बसावे, अशीच ही अपेक्षा होती. २००४ साली जपानच्या ओगासावारा बेटांजवळ संशोधक त्सुनेमी कुबोदेरा व क्योइची मोरी यांनी आमिषाजवळ निःशब्द कॅमेरा टांगून ९०० मीटर खोलीवर जिवंत महामाकुलाची पाचशेहून अधिक छायाचित्रे मिळविली. आमिषाच्या गळात अडकलेली साडेपाच मीटरांची शुंडा मागे टाकून तो निसटला. २०१२ मध्ये त्याच समुद्रात सागरी संशोधक एडिथ विडर यांनी दिव्याचा प्रश्नच उलटा सोडविला. खोल पाण्यातील बहुतेक जीवांना न दिसणारा तांबडा प्रकाश त्यांनी वापरला, आणि आमिष म्हणून ‘अटोला’ या जेलीफिशच्या प्रकाशाची कृत्रिम नक्कल ठेवली. अटोलाला कोणी धरले, की तो निळ्या प्रकाशाची चक्रे फिरवून जणू फिर्याद करतो, आणि ती ‘ऐकून’ धरणाऱ्यालाच गिळावयास त्याहून मोठा कोणी तरी येतो. महामाकूल त्या फिर्यादीला आला. २०१९ साली मेक्सिकोच्या आखातात ७५९ मीटरांवर तीच युक्ती पुन्हा फळली. यंत्राच्या बळापेक्षा दिवा मालविण्याचे हे शहाणपण मला अधिक मोलाचे वाटते.

दक्षिण ध्रुवाकडील विराट माकूल या दुसऱ्या जातीची गोष्ट याहून विलक्षण आहे. १९२५ साली देवमाशाच्या पोटातील बाहूंवरून त्याचे नामकरण झाले. २००७ मध्ये रॉस समुद्रात ४९५ किलोचा एक हाती लागला, तो वेलिंग्टनच्या ‘ते पापा’ संग्रहालयात ठेवला आहे. मार्च २०२५ मध्ये दक्षिण सँडविच बेटांजवळ ६०० मीटरांवर हा प्राणी खोल पाण्यात प्रथमच जिवंत चित्रित झाला, पण ते जेमतेम ३० सेंटीमीटरांचे पोर होते. पूर्ण वाढलेल्या विराट माकुलाचे त्याच्या घरातले चित्रण अद्याप व्हावयाचे आहे.