बंदीत बांगडे कुठून आले?



जेटीवरच्या मासळीच्या नोंदी दिल्या की एआय मॉडेल आलेखाचा कोड लिहून देतं. म्हणून वर्षाच्या आलेखासाठी आम्ही सगळ्यात स्वस्त मॉडेल घेतलं. मिनिटभरात काम झालं. पण आपल्या एका तांडेलाने बघितलं नि विचारलं, “जून-जुलैत बांगडे कुठून आणले?”

खरंच की! 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस गोव्यात ट्रॉलरची मासेमारी बंद. त्या महिन्यांच्या नोंदीच नव्हत्या, तर कोडने मे आणि ऑगस्ट सरळ रेषेने जोडून टाकले. बंदीतही ट्रॉलर दर्यात होते, असं दिसत होतं. हे पेजवर गेलं असतं तर उत्तरं देता देता नाकीनऊ आले असते. वर मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन, कारण मॅटप्लॉटलिबच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही.

मग महागडं मॉडेल घ्यायचं का? पैसे टोकनवर, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांवर मोजतात. उदाहरणार्थ, मार्च 2024 मध्ये आलेल्या क्लॉड 3 चे तेव्हाचे दर: लिहून मिळणाऱ्या दहा लाख टोकनना हायकू सव्वा डॉलर, सॉनेट 15, ओपस 75. एका आलेखाचा कोड 3,000 टोकनचा आणि डॉलर 83 रुपयांचा धरला, तर हायकूचे 31 पैसे, ओपसचे सुमारे 19 रुपये. फरक साठपट! पण महिन्याला एक आलेख काढला तर वर्षाचे सव्वादोनशे रुपयेच. रोज शेकडो आलेख काढणाऱ्याला हा फरक जड, आपल्याला नाही.

तरी आम्ही स्वस्तच मॉडेल परत वापरलं. या वेळी नीट सांगितलं: बंदीच्या महिन्यांत रेषा तोड, आणि आलेख ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एसव्हीजीत दे. रेषा तुटली, जोडाक्षरंही नीट उमटली. बंदीचं न सांगता महागडं घेतलं असतं, तरी ते चुकलं नसतं याची खात्री कोण देणार?

म्हणून असं ठरलंय: साध्या आलेखाला स्वस्त मॉडेल, पण सूचना पूर्ण. दोनदा सांगूनही जमलं नाही, तर महागडं. बर्फात काटकसर करून इसवण नासवण्यात काय अर्थ?

आणि कुठलंही मॉडेल असो, दर्यात जाणाऱ्या एका माणसाने बघितल्याशिवाय आलेख पेजवर टाकायचा नाही. या महिन्याचा आलेख सोसायटीच्या फलकावर लावलाय. येता-जाता बघा, चूक दिसली तर लगेच सांगा.