इंजेक्शन मोल्डिंग मशीन

इंजेक्शन मोल्डिंग मशीन प्लास्टिकचा दाणा वितळवते, तो रस जबर दाबाने पोलादी साच्यात भरते, थिजेपर्यंत साचा आवळून धरते आणि तयार वस्तू बाहेर ढकलते. डब्याचे झाकण, विजेचे बटण, इंजेक्शनची सिरिंज, मोटारीचा डॅशबोर्ड हे सारे या एकाच यंत्राचे काम. पाइप मात्र यात येत नाही. तो एक्स्ट्रूजनने अखंड लांबीत निघतो. जळगावचा पीव्हीसी पाइपचा धंदा त्यातला. पाण्याच्या बाटलीला दोन टप्पे लागतात: आधी इंजेक्शनने जाडसर प्रीफॉर्म, मग तो तापवून आत हवा भरून फुगवायचा.

या यंत्राचे पहिले पेटंट 1872 मध्ये अमेरिकेत जॉन आणि आयझाया हायट या भावांनी घेतले. त्यांचा माल सेल्युलॉइडचा होता आणि यंत्र म्हणजे थेट चकलीचा सोऱ्या: मागून दट्ट्या, पुढे भोक. दट्ट्या माल नुसता ढकलतो, ढवळत नाही. त्यामुळे कडेचा माल जळू लागला तरी मधला कच्चाच राही. यावर खरा तोडगा निघायला सत्तरहून अधिक वर्षे गेली. 1946 मध्ये जेम्स वॉटसन हेंड्री यांनी दट्ट्याच्या जागी स्क्रू बसवला आणि यंत्राचा स्वभावच पालटला.

हॉपर या नरसाळ्यातून दाणा बॅरल या तापलेल्या नळीत पडतो. आत फिरणाऱ्या स्क्रूचे तीन भाग असतात. मागच्या भागात आटे खोल असतात, तिथे दाणा नुसता पुढे सरकतो. मधल्या भागात आट्यांची खोली कमी होत जाते, दाणा चेपला जातो, घासला जातो आणि वितळतो. पुढच्या उथळ भागात रस एकजीव होतो, मास्टरबॅचचा, म्हणजे दाण्यात मिसळलेल्या रंगद्रव्याचा, रंग सगळीकडे सारखा लागतो. बॅरलवर हीटरचे पट्टे असले तरी काम ऐन जोरात चालू असताना बरीचशी उष्णता या घर्षणातूनच येते. रस पुढे साठतो तसा स्क्रू मागे सरकतो. पुरेसा माल जमला की तोच स्क्रू दट्ट्या बनून पुढे झेपावतो. टोकाशी असलेली कडी रसाला मागे पळू देत नाही. ती झिजली की दर खेपेला वजन बदलते आणि ऑपरेटर दिवसभर सेटिंग फिरवत बसतो.

मशीनची ओळख टनांत सांगतात. हे टन यंत्राच्या वजनाचे नव्हेत, साचा आवळण्याच्या ताकदीचे. समजा, 20 सेंटिमीटर व्यासाचे झाकण काढायचे आहे. त्याचे क्षेत्रफळ साधारण 314 चौरस सेंटिमीटर. साच्यात दर चौरस सेंटिमीटरला 300 किलो दाब धरला, तर साचा उघडू पाहणारा जोर 94 टनांवर जातो. म्हणजे 100 टनी मशीनवर हे काम जेमतेम बसेल. शहाणा कारखानदार 120 किंवा 150 टनी घेईल. आवळ कमी पडली की साच्याच्या दोन अर्ध्यांच्या फटीतून पातळ पापुद्रा बाहेर येतो, त्याला फ्लॅश म्हणतात. माल कमी पडला तर वस्तू अर्धवट राहते, ते शॉर्ट.

वितळवणे आणि भरणे काही सेकंदांत आटोपते. खरा वेळ खाते ते थंड होणे. प्लास्टिक उष्णतेचे मंद वाहक आहे आणि थिजण्याचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भिंत 2 मिलिमीटरची 3 केली तर वेळ दीडपट नव्हे, सव्वादोनपट होतो. म्हणून जाणता डिझायनर मजबुतीसाठी भिंत जाड करत नाही, मागे पातळ रिब देतो. रिब जाड झाली तर पुढच्या अंगाला खळगा पडतो. पॉलिप्रोपिलीन थिजताना साधारण 1 ते 2.5 टक्के आकसते, एबीएस त्याहून बरेच कमी. त्यामुळे एकाच्या मापाने केलेला साचा दुसऱ्याला चालत नाही. आकसण्याची भरपाई म्हणून गेट, म्हणजे रस साच्यात शिरण्याचे तोंड, थिजेपर्यंत मागून दाब चालू ठेवतात. बादलीच्या बुडाशी मधोमध जो टोचरा ठिपका दिसतो, ती त्या गेटचीच खूण.

रनरमध्ये, म्हणजे रस गेटपर्यंत नेणाऱ्या वाटेत, थिजलेला माल ग्राइंडरमध्ये भरडून ताज्या दाण्यात मिसळता येतो. ही सोय थर्मोप्लास्टिकची. बेकेलाइट एकदा पक्के झाले की पुन्हा वितळत नाही. मात्र दर वितळीत साखळ्या तुटून माल थोडा कमकुवत होतो, म्हणून मिसळीला मर्यादा ठेवावी लागते.

धंद्याचे गणित अखेर साच्यावर येऊन थांबते. पोलाद कोरून, घासून, चकाकी देऊन केलेल्या साच्याचा खर्च लाखो नगांवर वाटला गेला तरच एक झाकण काही रुपयांत पडते. शे-दोनशे नग हवे असतील, तर या मशीनच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.