‘भाळ-डात’ वाढू का?

घाईघाईत ‘डाळ-भात’ म्हणायला जावं आणि तोंडातून ‘भाळ-डात’ निघावं, असं तुमच्या घरी कधी झालंय? या गमतीला इंग्रजीत खास शब्द आहे आणि तो एका माणसाच्या आडनावावरून आलाय!

आडनावाचा झाला शब्द

विल्यम आर्चिबाल्ड स्पूनर (१८४४–१९३०) हे ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचे प्रमुख होते. बोलताना शब्दांची सुरुवातीची अक्षरं अदलाबदल करण्याबद्दल ते इतके गाजले की अशा चुकीचं नावच ‘स्पूनरिझम’ पडलं. खरं तर त्यांच्या नावावरचे बहुतेक किस्से इतरांनीच रचलेले!

दुसरा शब्द ‘मॅलाप्रॉपिझम’. शेरिडनच्या १७७५ च्या ‘द रायव्हल्स’ या नाटकातल्या मिसेस मॅलाप्रॉप भारदस्त शब्द वापरायला जातात आणि सारख्याच आवाजाचा भलताच शब्द बोलून बसतात. त्यांचं नाव आलंय ‘माल आ प्रोपो’ या फ्रेंच शब्दांवरून. अर्थ, अप्रस्तुत.

आपली जीभ घसरते

मराठीत कुणाचं नाव घेत नाहीत, सरळ ‘जीभ घसरली’ म्हणतात. अक्षरांच्या अदलाबदलीला भाषाशास्त्रात ‘वर्णविपर्यय’ म्हणतात. ‘नुकसान’चं ‘नुसकान’ होतं, ‘लखनऊ’चं ‘नखलऊ’. ‘वाराणसी’तल्या र आणि ण यांनी जागा बदलल्या, बोलता बोलता आणखी बदल झाले आणि ‘बनारस’ तयार झालं. म्हणजे कालची चूक आज शहराचं नाव!

सिहोऱ्यातली गंमत

आपल्या सिहोरा-जबलपूरकडच्या मराठी घरांत मिसेस मॅलाप्रॉपचीच गंमत वेगळ्या रीतीने होते. दाराबाहेर हिंदी, आत मराठी. नातू म्हणतो, “मला काही आपत्ती नाही.” त्याला म्हणायचं असतं, हरकत नाही. आजीला ऐकू येतं, संकट नाही! “शाळेत चांगली शिक्षा मिळते” म्हटल्यावर तर ती घाबरतेच. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड.

अशा वेळी हसू येणारच. जरूर हसा, पण मुलाची नक्कल करून चारचौघांत पुन्हा पुन्हा चिडवू नका. चिडवलेलं मूल वाद घालत नाही, गुपचूप हिंदीकडे वळतं आणि घरातली मराठी थोडी कमी होते.

त्यापेक्षा बरोबर शब्द आपल्याच वाक्यात सहज घाला: “हरकत नाही ना? मग चल, जेवायला बस.”